खालची कड

१

दुपारची जेवणं उरकली, घर शांत झालं, की सुभद्राबाई जिना चढून रोहिणीच्या खोलीत जायच्या. दार लोटून घ्यायच्या. खिडकीशी पोरीचं अभ्यासाचं टेबल होतं. त्यावर डबा उपडा करायचा, तुकडे सुलटे करायचे आणि कडेपासून चित्र जोडायला बसायचं. दिवेलागण झाली की चित्र मोडून पुन्हा डब्यात. घरची माणसं म्हणायची, बाईला नाद लागला. लागू द्या, रडण्यापेक्षा बरं.

सुभद्राबाई रडायच्या नाहीतच. त्यांना संताप यायचा. सकाळी उठल्यापासून तो पोटात खदखदत असायचा, आणि तुकडे हातात घेतले की तेवढा वेळ झाकण घातल्यासारखा गप्प बसायचा.

पझलं रोहिणीची. अंबाजोगाईला कॉलेजात असताना ती फोनवरून मागवायची. सगळी एकाच जातीची, ग्रीक लोकांच्या देवादिकांची जुनी चित्रं. त्यांची नावं सुभद्राबाईंच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावं पाडली होती. केसांत साप असलेली. बैलावर बसलेली. मेणाच्या पंखांचा. आणि सगळ्यांत लाडकी, रथातली.

रोहिणी गेली त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. 'गेली' हा घरच्यांचा शब्द. पोरगी पळून गेली, असं तिच्या बापानं, धर्मराजांनी भावकीला सांगितलं, पक्षाच्या माणसांना सांगितलं, आणि तिच्या नावानं आंघोळ करून मोकळे झाले. गावानं मान डोलावली. युसूफ वडगावच्या बाजारात बायका पदर तोंडावर घेऊन चुकचुकल्या आणि भाजी घेऊन घरी गेल्या.

"पळून जाताना दोन माणसं कमी होतेत," सुभद्राबाई भेटेल त्याला ऐकवायच्या. "हितं एकच कमी झालंय. दुसरं कोण? नाव सांगा की!"

नाव कुणाला सांगता येत नव्हतं. पण ते विचारणंही कुणाला गरजेचं वाटत नव्हतं, आणि याचाच सुभद्राबाईंना जास्त संताप यायचा.

२

रथातलीचं चित्र असं होतं. फुलांनी भरलेलं एक रान. मधोमध जमीन दुभंगलेली. त्या भगदाडात उतरणारा चार काळ्या घोड्यांचा रथ, रथात एक दाढीवाला राजा, आणि त्याच्या दंडात अडकलेली पांढऱ्या कपड्यातली पोरगी. तिचा एक हात वर, बोटं फाकलेली. मागं तिच्या मैत्रिणी, तोंडं उघडी. भगदाडाच्या तोंडाशीच चित्र संपायचं, खाली सरळ रेषेत.

त्या दुपारी सुभद्राबाईंनी नेहमीसारखी खालची कड आधी जोडायला घेतली. कडेचा तुकडा ओळखायला सोपा, एक बाजू सपाट असते. पण मधला तुकडा हातात आला तो चारही बाजूंनी खाचाबोंडांचा. डावीउजवीकडून बसला, आणि खाली त्याचं बोंड बाहेर डोकावत राहिलं. रंग तोच, भगदाडाचा. आधीच्या आणि नंतरच्या तुकड्याशी रेघन्‌रेघ जुळत होता.

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. पुन्हा पाहिलं. हे चित्र त्यांनी इतक्यांदा जोडलं होतं की डोळे मिटून हात चालला असता. इथं सपाट कडेचा तुकडा असायचा.

"छबुबाई!" त्यांनी जिन्यावरून हाक मारली.

घरकाम करणारी छबुबाई ओले हात झाडत वर आली. 

"ह्या डब्याला कुणी हात लावला?"

"मी कावून लावू?"

"मग हा तुकडा कुठून आला? माझा होता तो कुठं गेला?"

"आक्का, ते तुकडे मला सगळे सारखेच दिसतेत. केरात घावला तर मी तुमाला आणून देते का न्हाई?" छबुबाईचाही आवाज चढला. "चोरी करायची तर काहीतरी कामाचं चोरीन की!"

बोलणं खरं होतं. पण सुभद्राबाईंचा राग एकदा निघाला की कुणावर तरी पडावा लागायचा. त्या छबुबाईला वाट्टेल ते बोलल्या. छबुबाई धापधाप जिना उतरून गेली आणि बराच वेळ मोरीत भांडी आपटत राहिली.

सुभद्राबाई खाली वाकून त्या बोंडाकडे बघत होत्या. चित्र संपायच्या जागी संपलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी खालची सगळीच कड तशी निघाली.

कंपनीनं फसवलं म्हणावं, तर डबा जुना. लेकानं, रामेश्वरनं थट्टा केली म्हणावं, तर त्याला कुठली थट्टा सुचते. तालुक्याच्या ठिकाणी सभा, फ्लेक्स आणि जेवणावळी यातून त्याला बहिणीच्या खोलीकडं बघायलाही फुरसत नव्हती. बघायचाही नाही तो. जिन्याकडं पाठ करूनच बसायचा.

सुभद्राबाईंनी डबा झटकून पाहिला. रिकामा. टेबलावर ठेवला, पाणी पिऊन आल्या, आणि सहज बोट फिरवलं तर डब्याच्या कोपऱ्यात मूठभर तुकडे होते. आपण नीट झटकला नसेल. वय झालं. असं मनाशी म्हणत त्यांनी ते तुकडे सुलटे केले. काळे, काळपट तपकिरी, पिवळसर. जोडायला लागल्या तसे ते भगदाडात खाली खाली उतरत गेले.

आता टेबल पुरेना. त्यांनी रोहिणीची चटई जमिनीवर पसरली, सगळं चित्र पुठ्ठ्यावरून अलगद सरकवत खाली घेतलं आणि मांडी घालून बसल्या. वर उन्हातलं रान, फुलं, घोडे. खाली नुसती माती. काळ्या तुकड्यांत ओळखायला काही खूण नसते, प्रत्येक तुकडा फिरवून फिरवून बघावा लागतो. तरी त्यांचा हात अडत नव्हता. उचलावा तो तुकडा बसत होता. हे काही बरं नाही, असं त्यांना वाटून गेलं. इतकं सोपं कधी नसतं.

डब्यात हात घातला. पुन्हा मूठभर.

"कोण हाय गं?" त्या एकदम म्हणाल्या. का म्हणाल्या ते त्यांनाच कळलं नाही. खोलीत कुणी नव्हतं. आणि मग आपल्याच घरात आपल्याला भ्यायला लागतंय याचा त्यांना असा काही राग आला, की दार सताड उघडून त्या पुन्हा येऊन बसल्या.

४

ही गोष्ट रोहिणीनंच सांगितली होती. याच खोलीत, वेणी घालून घेताना. फुलं तोडायला गेलेल्या पोरीला पाताळातला राजा उचलून नेतो. आई दारोदार शोधत फिरते. कुणी सांगत नाही. मग ती आई इतकी चिडते की धरतीवर कोंबसुद्धा उगवू देत नाही.

"लई ब्येस केलं," सुभद्राबाई म्हणाल्या होत्या. "आन् पोरीचा बाप काय करत होता?"

"बापानंच दिली होती तिला, आई. त्यानंच आधी हो म्हटलं होतं."

"मेल्याला जोड्यानं हाणलं पायजे."

रोहिणी खूप हसली होती. हसता हसता मध्येच गप्प झाली होती. ते गप्प होणं तेव्हा सुभद्राबाईंनी वेणीच्या पेडांत घालवलं. आता चटईवर बसून त्यांना ते पुन्हा ऐकू आलं.

माती बदलत होती. वर होती ती त्या लोकांच्या देशातली, तांबूस, चित्रातली माती. तिच्याखाली आता काळी कसदार माती लागली होती. उन्हाळ्यात भेगाळते तशी. तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे असलेला पिवळा मुरूम. हा मुरूम त्यांना कुणी ओळखून द्यायला नको होता. आयुष्य याच मातीत गेलं होतं. त्यातून एक करडा पाइप तिरपा गेलेला होता, प्लास्टिकचा. तुकड्यावर पाइपावरचा चुन्याचा ओघळसुद्धा दिसत होता.

घोड्यांच्या, रथांच्या काळात कुठला आलाय प्लास्टिकचा पाइप? असा पाइप त्यांना एकाच ठिकाणचा आठवत होता, शेतातल्या बोअरपाशी.

मुरूम एकसारखा नव्हता. एके ठिकाणी तो उकरून पुन्हा भरल्यासारखा भुसभुशीत होता, काळी आणि पिवळी माती एकात एक कालवलेली. तिथले तुकडे त्या बसवत गेल्या. शेवटचा बसला त्याच्या कोपऱ्यात नखाएवढा पोपटी रंग होता.

सुभद्राबाईंनी बोट त्यावर ठेवलं. माती नव्हती ती. दोऱ्यांची वीण दिसत होती. ओढणीची कड असावी तशी.

डब्यात हात घातला. डबा रिकामा होता. त्या वाट बघत बसल्या, डबा हलवला, त्याच्यावर हात आपटला. 

"दे की!" त्या ओरडल्या. "आता कावून थांबलीस?"

५

रात्रीची वाट न बघता दिवस मावळायच्या आतच त्यांनी बापलेकाला जेवायला बसवलं. भाकरी ताटात टाकली आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "उद्या जेसीबी बोलवा. शेतातल्या बोअरपशी उकरायचंय."

धर्मराजांनी घास थांबवला नाही. "कशाला?"

"पाइप हाय तिथं. माती वरखाली केलेली हाय. मला दिसलंय."

"कुठं दिसलं?"

"चित्रात."

रामेश्वर हसला. हसू ओठातच वाळलं. "आई, तुला डॉक्टरकडं न्यायला पायजे. लोकं काय म्हणतील? धर्मराज पाटलाची बायको चित्रात बघून रान उकरती!"

"लोकं म्हणू देत. पोरगी गेली तवा लोकं काय म्हणतील म्हणूनच गप बसलात ना? तक्रार दिली न्हाई, फोटो छापला न्हाई. म्हैस हरवली असती तर चार गावं हिंडला असतात!"

"सुभद्रे, आवाज खाली," धर्मराज म्हणाले.

"न्हाई करत! बोअर उकरायचा म्हंजी उकरायचा. तुमी न्हाई आणला जेसीबी तर मी आणते."

रामेश्वरनं ताट सरकवलं, उठला आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर गेला. सुभद्राबाई मागं धावल्या. तो चटईसमोर उभा होता. रान, घोडे, रथ, आणि खाली उतरत गेलेली माती. त्याच्या तोंडाचा रंग बघता बघता उडाला. मग त्यानं पायानं सगळं चित्र उधळलं. तुकडे कपाटाखाली गेले, भिंतीवर आपटले.

"उकर, सगळं रान उकर!" तो ओरडला. "बोअरपशी काय हाय? तिथं न्हाई ती!"



सुभद्राबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. जन्म दिलेलं पोरगं. हनुवटीवरची लहानपणची खोक, ओठाला लागलेला आमटीचा थेंब. 

"तिथं न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "मग कुठं हाय?"

"म्हंजी... गेली ती. पुण्या-मुंबैला कुठं असंल. मला काय ठाव?"

तो त्यांना खेटून, नजर चुकवून खाली गेला. खाली बापाचा आवाज आला, दबका, एकच वाक्य. काय ते ऐकू आलं नाही. पण त्यात आश्चर्य नव्हतं, एवढं मात्र जिन्याच्या वरूनही कळलं.

६

सकाळी त्या कुणाला न सांगता वडापच्या जीपनं पोलीस ठाण्यात गेल्या. तिथला हवालदार धर्मराजांना ओळखत होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"काकी, पोरगा रागात काहीबाही बोलतो. त्याच्यावर कागद कसा करायचा?"

"'तिथं न्हाई' म्हणला तो. जिथं न्हाई ते ज्याला ठाव, त्याला जिथं हाय तेबी ठाव असतंय. एवढं कळंना तुमाला?"

"आणि तुमाला बोअरचं कुणी सांगितलं?"

सुभद्राबाईंनी चहाला हात न लावता कप परत सरकवला. "तुमच्या घरात पोरगी असंल तर तिच्याकडं बघून घ्या एकदा," म्हणाल्या आणि उठल्या.

परतीच्या वाटेवर, उसाच्या फडांकडं बघत, त्यांनी स्वतःलाच दटावून विचारलं. डोकं फिरलंय का आपलं? चित्रातली माती बघून आपण नवऱ्यावर, लेकावर आळ घेतोय का? आईच्या मनाला काहीही दिसतं. डबा जुना, नजर अधू, आणि पोपटी रंगाच्या ओढण्या बाजारात ढिगानं असतात. हे सगळं त्यांनी नीट मांडून पाहिलं. पटलंही. फक्त रामेश्वरचा तो आवाज त्यात कुठं बसत नव्हता.

घरी आल्या तर छबुबाई स्वयंपाकघराच्या दारात खराटा छातीशी धरून उभी. परवाचं भांडण विसरून ती पुढं आली आणि तिनं त्यांचं मनगट पकडलं.

"आक्का, मी न्हाई केलं. देवाशपथ न्हाई. दोनदा झाडून काढलं मी. पाठ फिरवली की पुन्हा हाय."

"काय हाय?"

छबुबाईनं जिन्याकडं बोट केलं.

रोहिणीच्या खोलीच्या उंबऱ्यातून चित्र बाहेर आलं होतं. काळी माती, पिवळा मुरूम, हातभर रुंदीचा पट्टा. पायरीवरून पायरीवर उतरला होता, काठाशी दुमडून, एकही तुकडा न सुटता. तो बैठकीतून आडवा गेला होता आणि पुढच्या दारातून बाहेर.

पट्ट्यात तो करडा पाइप बरोबर चालला होता. सुभद्राबाई त्याच्या कडेकडेनं निघाल्या. पाय पडू दिला नाही.

७

दारापुढं पोर्च. गावात एवढा मोठा पोर्च कुणाचा नव्हता. चकचकीत फरशी, दोन खांब आणि मधोमध धर्मराजांची उंच पाठीची खुर्ची. समोर कामं घेऊन आलेली चार माणसं बसली होती. ती सगळी खाली बघत होती. चित्राचा पट्टा खुर्चीच्या पुढच्या दोन पायांपर्यंत येऊन थांबला होता. तिथं त्याची कड सपाट होती.

"बाई, हे काय मांडलंय?" धर्मराज म्हणाले. आवाज नेहमीचाच. मांडीवरचे हात मात्र घट्ट आवळलेले.

"हा पोर्च कधी केला?" सुभद्राबाईंनी विचारलं.

त्यांना स्वतःलाच आठवलं. पोरीच्या नावानं आंघोळ झाली त्याच आठवड्यात गवंडी आले होते. घरात दुःख आणि तुमाला फरशी सुचती, म्हणून त्या त्यांच्यावरही ओरडल्या होत्या. मोरीचा पाइप इथूनच तिरपा काढला होता.

"उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"माणसं बसलीत."

"बसू द्या. बघू द्या. उठा म्हणते मी!"

धर्मराज उठले नाहीत. सुभद्राबाई भिंतीशी ठेवलेली पहार घेऊन आल्या. रामेश्वरची गाडी फाटकात थांबली. आईच्या हातात पहार बघून तो ओरडत धावत सुटला, पण पोर्चवरून सरळ नाही. समोर मोकळी फरशी होती, तरी तो खांबामागून, भिंतीला घासत, वळसा घालून आला. बसलेल्या माणसांपैकी एकानं ते पाहिलं. मग दुसऱ्यानं. ती माणसं आवाज न करता उठली आणि अंगणात उतरून उभी राहिली.

"आई, पहार टाक!"

"लांब हो. हात लावलास तर पहिली तुझ्या डोक्यात घालीन."

तो थांबला. त्यांनी दोन्ही हातांनी पहार उचलली आणि नवऱ्याच्या पायापुढं घातली.

फरशी फुटताना चिरा जातात, टवके उडतात. ही तशी फुटली नाही. घाव बसला तिथून रेघा पसरल्या त्या वळत, गोल होत, पुन्हा वळत. बोंडं आणि खाचा. सगळ्या पोर्चभर, दोन्ही खांबांपर्यंत, खुर्चीच्या खालून. अंगणातल्या माणसांपैकी कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

सुभद्राबाई गुडघ्यावर बसल्या. बोटं खाचेत घातली आणि एक तुकडा उचलला. सहज निघाला. खाली सिमेंट नव्हतं, मुरूम नव्हता. खाली अंधार होता, लांबवर उतरत गेलेला, आणि त्यातून उबदार वारा वर येत होता, बंद खोलीचं दार उघडल्यावर येतो तसा. त्या वाकल्या. अंधारात खूप खाली काहीतरी पांढुरकं होतं. एका हाताची बोटं, फाकलेली. ती हलली का वाऱ्यानं तसं वाटलं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

धर्मराज आता उठून उभे होते. खुर्ची मागं पडली होती. पाय कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. त्या आंघोळीनंतर दोन वर्षांत पोरीबद्दल ते स्वतःहून एक शब्द बोलले नव्हते.

"झाक ते," ते म्हणाले. "सुभद्रे, झाक ते."

"न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शेजारच्या तुकड्याला हात घातला.